पट्टी आणि कळ : पेटीपासून संगणकाच्या कळफलकापर्यंतचा सुरांचा प्रवास (शिंदखेडा परिसराच्या संदर्भात)

प्रास्ताविक

संगणकाचा कळफलक हे लेखनाचे साधन आहे, अशी सर्वसामान्य समजूत आहे. तथापि, जवळजवळ चार दशकांपासून हाच कळफलक वाद्य म्हणूनही वापरला जात आहे. वाद्याचा ध्वनी निर्माण करणारी आज्ञावली संगणकात बसविली की अक्षरांच्या कळा सुरांच्या पट्ट्या होतात आणि पियानो, ऑर्गन, बासरी किंवा हार्मोनियम यांचे सूर त्यांतून निघू लागतात. धुळे जिल्ह्यातील शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी या गोष्टीला विशेष अर्थ आहे. चांगली पेटी विकत घेणे ज्याला परवडत नाही, अशा विद्यार्थ्याच्या हाताशी संगणक असतो. संगीतशिक्षक नसलेल्या शाळा-महाविद्यालयांतही संगणक कक्ष असतो. मात्र या सुलभतेबरोबर एक जुना वादही नव्या रूपाने आपल्या दारी आला आहे. ठरावीक सुरांच्या पट्ट्यांवर आपले संगीत कितपत मावते, हा तो वाद होय. प्रस्तुत लेखात या वादाचा इतिहास तपासून कळफलकाचे स्थान निश्चित करण्याचा प्रयत्न केला आहे.

पेटीचे आगमन आणि तिच्यावरील आक्षेप

हार्मोनियम हे मूळचे युरोपीय वाद्य. पॅरिस येथील अलेक्झांडर डेबाँ याने 1840 च्या सुमारास त्याचे एकस्व घेतले. पायाने भाता चालविण्याचे हे वाद्य खुर्चीवर बसून वाजवावे लागे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाताने भाता हलविण्याची सुटसुटीत पेटी प्रचारात आणली आणि बैठकीवर बसणाऱ्या भारतीय गायकाला ती सोयीची ठरली. महाराष्ट्रात पेटीला खरी प्रतिष्ठा मिळाली ती संगीत रंगभूमीमुळे. गोविंदराव टेंबे (1881–1955) यांच्यासारख्या कलावंतांनी तिला साथीच्या वाद्यापलीकडे नेले. 1911 मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’ या नाटकाचे संगीत टेंबे यांचेच होते. नाटक मंडळ्यांचे दौरे खानदेशातही होत असत. तापी खोऱ्यातून जाणारा लोहमार्ग 1900 च्या सुमारास अमळनेरपर्यंत पोहोचला होता, ही बाब येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. सारंगीपेक्षा पेटी प्रवासात टिकाऊ होती. तिला रोज जुळवावे लागत नसे आणि शिकण्यास वेळही कमी लागे. भजनी मंडळांनी ती आपलीशी केली, ती याच कारणांमुळे.

पेटीवरील आक्षेप मात्र तिच्या प्रसाराइतकेच जुने आहेत. तिच्यात मींड काढता येत नाही, हा पहिला आक्षेप. तिचे बारा सूर समान अंतरांवर बसविलेले असल्यामुळे श्रुती लोपतात, हा दुसरा. या दुसऱ्या आक्षेपाला यंत्रानेच उत्तर देण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात झाला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. इ. क्लेमंट्स या न्यायाधीशाच्या साहाय्याने त्यांनी लंडनमध्ये श्रुतीपेटी तयार करवून घेतली. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे गायन देवलांच्या प्रयोगांस आधारभूत होते. 1916 च्या बडोदा येथील अखिल भारतीय संगीत परिषदेत ही पेटी चर्चेस आली, पण तिच्यामागील सिद्धांत सर्वमान्य झाला नाही. पंडित भातखंडे यांचा पक्ष त्यास अनुकूल नव्हता. पुढे ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम सिद्ध करून तोच प्रश्न पुन्हा हाती घेतला.

आक्षेपांचा कळस झाला तो आकाशवाणीच्या निर्णयात. आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळणारे जॉन फोल्ड्स यांनी पेटीविरुद्ध कठोर लेखन केले होते. रवींद्रनाथ ठाकुरांचाही पेटीला विरोध होता. 1 मार्च 1940 पासून आकाशवाणीवर पेटी बंद झाली. सुमारे तीन दशकांनंतर, 1970–71 च्या सुमारास, ही बंदी अंशतः शिथिल होऊ लागली. या काळात मैफलींतून पेटी हद्दपार झाली नाही, हे विशेष. किंबहुना गायकांची भाषाच पेटीची होऊन गेली होती. आपला षड्ज सांगताना गायक आजही ‘काळी एक’, ‘पांढरी पाच’, ‘काळी चार’ असे म्हणतात आणि तंबोरा त्या पट्टीत लावला जातो. पेटीला कमी लेखणारा गायकही आपला आधारस्वर तिच्याच पट्टीच्या नावाने सांगतो, यातील विसंगती आपल्या संगीतसमीक्षेने फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

लेखनयंत्राचे पियानोशी असलेले नाते

संगणकाचा कळफलक लेखनयंत्रापासून आला, हे सर्वविदित आहे. परंतु लेखनयंत्र स्वतः पियानोच्या सावलीत जन्मले, हे क्वचितच सांगितले जाते. इटलीतील जुझेप्पे रावित्सा याने 1855 मध्ये ज्या लेखनयंत्राचे एकस्व घेतले, त्याला त्याने ‘लेखन करणारे तंतुवाद्य’ अशा अर्थाचे नाव दिले होते आणि त्याच्या कळा पियानोच्या पट्ट्यांसारख्या होत्या. अमेरिकेतील शोल्स व त्याच्या सहकाऱ्यांच्या 1868 च्या एकस्वातील आराखड्यातही तशाच पट्ट्या आहेत. गोल कळांच्या ओळी नंतर आल्या आणि रेमिंग्टन कंपनीचे यंत्र 1874 मध्ये बाजारात आले. म्हणजे अक्षरांच्या कळांवर सूर वाजविणे ही नवलाई नव्हे. कळ आपल्या मूळ घरी परतली, एवढेच.

महाराष्ट्राच्या तालुक्यांच्या गावांत लेखनयंत्राची ओळख झाली ती टंकलेखन संस्थांतून. शासकीय परीक्षेसाठी मराठी तीस आणि चाळीस शब्दांची गती मिळविणे, हे नोकरीच्या वाटेवरील पहिले पाऊल मानले जाई. 2001 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमामुळे संगणकाचा कळफलकही गावोगावी पोहोचला. दहा बोटांनी न पाहता कळा दाबण्याचे हे शिक्षण पेटीच्या बोटकामापासून फार दूरचे नाही. फक्त त्याचा तसा विचार कोणी केला नाही.

अक्षरांवर मांडलेले सप्तक

अक्षरांच्या कळांवर सूर मांडण्याची पद्धत रूढ करण्यात 1987 मध्ये जर्मनीतील कार्स्टेन ओबार्स्की याने ‘अमिगा’ संगणकासाठी केलेल्या ‘साउंडट्रॅकर’ या आज्ञावलीचा मोठा वाटा आहे. 1983 मध्ये ‘मिडी’ ही वाद्यांना संगणकाशी जोडणारी संकेतप्रणाली आलीच होती. 1999 च्या सुमारास स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीच्या ‘व्हीएसटी’ प्रणालीत वाद्यांचाही समावेश झाला आणि संगणकातच राहणारी वाद्ये सामान्य झाली.

या मांडणीत सर्वांत खालच्या ओळीतील झेड ही कळ पांढरी एक होते. एक्स, सी, व्ही, बी, एन, एम या पुढील पांढऱ्या पट्ट्या. काळ्या पट्ट्या वरच्या ओळीत येतात. एस आणि डी या पहिल्या दोन. एफ रिकामी राहते. मग जी, एच, जे. पियानोवर जेथे दोन पांढऱ्यांमध्ये काळी पट्टी नसते, तेथेच ही कळ मुकी असते. काळी एक ज्याचा षड्ज आहे, त्याला भूप वाजवायचा असल्यास एस, डी, व्ही, एच, जे या पाच कळा पुरतात. वरचा षड्ज एल वर मिळतो. क्यू पासून सुरू होणाऱ्या ओळीत आणि तिच्यावरील अंकांत पुढचे सप्तक असते. काही आज्ञावलींत ए ही कळ पांढरी एक मानण्याची दुसरी रीतही आहे.

या वाद्याच्या मर्यादा उघड आहेत. कळ जोरात दाबली काय किंवा हळू, आवाज सारखाच येतो. भात्याच्या दाबाने येणारी फुगवण येथे नाही. स्वस्त कळफलकांत कळांची जोडणी आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत असल्याने तीन-चार कळा एकदम दाबल्यास एखादी नोंदलीच जात नाही. कळ दाबणे आणि सूर ऐकू येणे यांत क्षणाचा विलंब राहतो. तो वीस-तीस सहस्रांश सेकंदांपलीकडे गेला की द्रुत लयीत बोट अडखळते. आणखी एक साधी गोष्ट : पेटीला वीज लागत नाही. भारनियमनाचे दिवस पाहिलेल्या खानदेशास हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

खरा प्रश्न मात्र सुरांच्या अंतराचा आहे. सप्तकाचे 1200 सूक्ष्म भाग, म्हणजे ‘सेंट’, कल्पिले तर कळफलकावरील गंधार 400 वर असतो. तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार सुमारे 386 वर असतो. चौदा सेंटचा हा फरक तयार कानाला जाणवतो. भूप आणि देशकार या दोन रागांचे सूर कळफलकावर अगदी त्याच पाच कळांवर येतात. चलनाने ते वेगळे ठरतातच. पण देशकाराचा धैवत चढा असतो, असे मानणाऱ्या गायकांना ही पाच कळांची समानता खटकणारच.

खानदेशातील गीतपरंपरेपुढील पेच

हा प्रश्न केवळ रागसंगीताचा नाही. श्रावणात कानबाईच्या उत्सवात स्त्रिया जी अहिराणी गाणी म्हणतात, त्यांना पट्टी ठरवून दिलेली नसते. पहिली बाई जेथे सूर धरते तेथून गाणे चालते. लग्नाच्या वरातीत मात्र पेटीची जागा ‘कॅसिओ’ने घेतली. जपानी कंपनीचे हे नाव आपल्याकडे विद्युत वाद्याचे सामान्यनाम झाले. 2010 नंतर अहिराणी गाणी लहान घरगुती ध्वनिमुद्रण कक्षांत, बहुधा संगणकावरच, मोठ्या संख्येने तयार होऊ लागली. येथे एक मूलगामी बदल घडला. पेटीची साथ गायकाच्या मागे चालत असे. गायक तिच्या सुरांपासून किंचित बाजूला सरकला तरी त्याला कोणी अडवीत नसे. 1997 मध्ये आलेल्या स्वरदुरुस्तीच्या आज्ञावली गाणाऱ्याचा आवाजच उचलून बारा सुरांपैकी जवळच्या सुरावर नेऊन बसवतात. आकाशवाणीतील टीकाकारांनाही याची कल्पना आली नसावी. कानबाईचे गाणे या प्रक्रियेतून गेले की ते बेसूर होत नाही. उलट ते जरुरीपेक्षा अधिक सुरेल होते आणि त्यातील गावपण कोठे गेले, हे ऐकणाऱ्याला चटकन सांगता येत नाही.

याचा दोष यंत्राच्या अंगभूत असमर्थतेवर टाकता येणार नाही. ज्या कामासाठी देवलांना लंडनहून पेटी घडवून आणावी लागली, ते काम संगणक काही क्षणांत करू शकतो. प्रत्येक सूर हवा तितका उतरविण्याची सोय ‘मिडी’ प्रणालीत 1992 मध्येच मान्य झाली आणि अनेक आज्ञावलींत ती उपलब्ध आहे. मात्र आज्ञावली उघडल्यावर जी मांडणी समोर येते ती समान अंतरांची असते आणि बहुतेक जण तीच वापरतात. महाविद्यालयाच्या संगणक कक्षात भ्रमणध्वनीवरील तंबोरा सुरू करून, एस हा षड्ज धरून, व्ही या कळेचा सूर आधी आहे तसा आणि मग चौदा सेंट उतरवून विद्यार्थ्यांना ऐकविता येतो. त्यासाठी वेगळे वाद्य घ्यावे लागत नाही आणि तासिकेतील दहा मिनिटे पुरतात.