मीठ, हळद आणि चुना: अकरावीला रासायनिक बंध कसा शिकवावा?

दोन किंवा अधिक अणूंना एकत्र धरून ठेवणाऱ्या आकर्षणाला रासायनिक बंध म्हणतात. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अकरावी रसायनशास्त्राच्या पुस्तकात अणुसंरचनेनंतर लगेच हे प्रकरण येते. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या विद्यार्थ्यांची इथे दुहेरी अडचण होते. विषय खोल जातो आणि त्याच वेळी भाषाही बदलते. 'संयुग'चे 'कंपाउंड' होते, 'सहसंयुज बंध'चा 'कोव्हॅलंट बाँड' होतो. कल्पना तीच आहे हे समजले नाही, तर विद्यार्थी व्याख्या पाठ करू लागतात.

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीकाठी नरसी नामदेव हे गाव आहे. ते संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. हळद हे या जिल्ह्याचे महत्त्वाचे पीक. अशा गावातल्या वर्गासाठी बंधांची उदाहरणे स्वयंपाकघरातच सापडतात.

मीठ: आयनिक बंध

'सोडियम इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन घेतो, दोघांचे अष्टक पूर्ण होते' हे वर्णन आठवीला पुरते. पण वायुरूप सोडियमच्या एक मोल अणूंमधून इलेक्ट्रॉन काढायला 496 किलोजूल ऊर्जा लागते आणि क्लोरीनने तो घेतल्यावर 349 किलोजूलच परत मिळतात. म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीत 147 किलोजूलचा तोटा आहे. तो भरून निघतो आयन एकत्र येऊन स्फटिक बनताना. त्या वेळी सुमारे 787 किलोजूल ऊर्जा बाहेर पडते. त्यामुळे बंधाचे खरे कारण अष्टकाची 'इच्छा' हे नसून ऊर्जा कमी होणे हे आहे. स्फटिकात प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन असतात, म्हणून मिठाचा सुटा 'रेणू' दाखवता येत नाही.

हळद: सहसंयुज बंध

हळदीचा पिवळा रंग मुख्यतः कर्क्युमिनमुळे येतो. त्याच्या रेणूत कार्बनचे 21, हायड्रोजनचे 20 आणि ऑक्सिजनचे 6 अणू असतात. त्याची रचना 1910 मध्ये मांडली गेली. हे अणू इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीने जोडलेले असतात. मीठ 801 अंश सेल्सिअसला वितळते, तर कर्क्युमिन सुमारे 183 अंशांना. यावरून सहसंयुज बंध कमजोर असतात असा गैरसमज होतो. प्रत्यक्षात वितळताना रेणूतले बंध तुटत नाहीत, फक्त रेणूरेणूंमधले आकर्षण सैल होते. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. फोडणीचे तेल पिवळे होते ते यामुळेच.

चुना: एकाच संयुगात दोन्ही बंध

कळीच्या चुन्यात पाणी घातले की विरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तयार होतो. त्यात कॅल्शियम आणि हायड्रॉक्साइड आयनांमध्ये आयनिक बंध असतो, तर हायड्रॉक्साइडच्या आत ऑक्सिजन आणि हायड्रोजनमध्ये सहसंयुज बंध. हळद लावलेल्या कागदावर चुन्याची निवळी टाकली की डाग लाल होतो. हळदीपासून कुंकू करण्याच्या जुन्या पद्धतीत चुना लागतो तो याच बदलासाठी. हायड्रॉक्साइड आयन कर्क्युमिनमधून प्रोटॉन काढून घेतो. रेणूतली इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि तो वेगळा प्रकाश शोषतो. लिंबाचा रस टाकल्यावर प्रोटॉन परत मिळतो आणि पिवळा रंग येतो. वर्गात प्रयोग निवळीनेच करावा आणि ती डोळ्यांत जाऊ देऊ नये. कळीचा चुना पाण्यात घातल्यावर खूप तापतो, तो विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये.

अष्टकाच्या नियमाची मर्यादा

बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन असतात, सल्फर हेक्झाफ्लोराइडमध्ये सल्फरभोवती बारा मोजले जातात. नायट्रिक ऑक्साइडमध्ये तर एकूण इलेक्ट्रॉनांची संख्याच विषम आहे. ही उदाहरणे अपवाद म्हणून शेवटी न ठेवता नियमासोबतच द्यावीत.

समज तपासायला एक प्रश्न पुरतो: मिठाच्या पाण्यातून वीज वाहते, साखरेच्या पाण्यातून का नाही? 'मीठ आयनिक आहे' एवढे उत्तर अपुरे आहे. मिठाचे आयन पाण्यात सुटे होऊन फिरतात, साखरेचे रेणू मात्र विद्युतभार नसलेले आणि अखंड राहतात, हे विद्यार्थ्याने मराठीत किंवा इंग्रजीत स्वतःच्या शब्दांत सांगितले, तर बंध समजला असे म्हणता येते.