विद्यापीठाचे दप्तर खाडीकाठी

मुंबई विद्यापीठाचा इतिहास म्हटला की डोळ्यांपुढे राजाबाई टॉवर उभा राहतो आणि त्याच्या पायथ्याशी असलेल्या ग्रंथालयातच सगळा भूतकाळ ठेवलेला असावा, असे वाटते. पण 18 जुलै 1857 रोजी स्थापन झालेले हे विद्यापीठ मुळात शिकवत नव्हते. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या, एवढेच त्याचे काम, शिकवणे महाविद्यालयांकडे. साहजिकच फोर्टातल्या विद्यापीठाच्या कचेरीत साचले ते ठराव, निकाल आणि अधिसभेची इतिवृत्ते. 1859 ची पहिली मॅट्रिक आणि 1862 चे पहिले पदवीधर रानडे, भांडारकर, वागळे, मोडक यांच्या नोंदी याच प्रकारच्या दप्तराच्या. विद्यार्थी कुठून आला, बाप काय करत होता, वर्गात काय घडले, हे त्या दप्तराला कधी विचारलेच गेले नाही. म्हणून संलग्नतेवर उभ्या असलेल्या विद्यापीठाचे अभिलेखागार एका इमारतीत मावणार नाही, असे माझे म्हणणे आहे. त्याचा मोठा हिस्सा ठाणे, कल्याण, डोंबिवलीत पडून आहे आणि तो तिथेच नीट जपला पाहिजे.

याचा सर्वात बोलका पुरावा ठाण्यातच सापडतो. 1860 च्या दशकात विद्यापीठाने पदवी परीक्षांतून देशी भाषा बाजूला सारल्या आणि त्यांच्या जागी अभिजात भाषा आणल्या. एम.ए.ला मराठीला पुन्हा जागा मिळाली ती रानड्यांच्या खटपटीने, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. मधल्या काळातली विद्यापीठाची कागदपत्रेच वाचली, तर शिकलेल्या माणसाला मराठीशी काही देणेघेणे नव्हते असा निष्कर्ष निघेल. पण याच काळात, 1 जून 1893 रोजी, विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय काढले. फक्त मराठी ग्रंथ जमवायचे, हा त्यांचा आग्रह होता. भावे तेव्हा जेमतेम एकवीस-बावीस वर्षांचे. पुढे त्यांनी ‘महाराष्ट्र कवी’ मासिकातून जुनी कविता छापली, महानुभावांच्या सांकेतिक लिपीतल्या पोथ्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वळवले आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिले. विद्यापीठाने जे परीक्षेबाहेर ठेवले, ते एका जिल्ह्याच्या गावाने कपाटात ठेवले. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय तर 1864 चे, म्हणजे विद्यापीठाहून फक्त सात वर्षांनी धाकटे. फोर्टातले इतिवृत्त आणि या वाचनालयांची दाखलनोंद वही शेजारी ठेवून वाचल्याखेरीज त्या काळचे मराठी शिक्षण कळणार नाही.

यावर कोणी म्हणेल की वाचनालये जुनी असतील, पण इथली महाविद्यालये कालपरवाची. त्यांच्या कागदांना इतिहास कशाला म्हणायचे? ठाण्याचे विद्या प्रसारक मंडळ 1935 चे, त्याची जोशी-बेडेकर आणि बांदोडकर महाविद्यालये 1969 ची, कल्याणचे बिर्ला महाविद्यालय 1972 चे. मला तर हेच त्यांचे मोल वाटते. प्रवेशअर्जाचा एक कागद हातात घ्या: जन्मस्थळ, मातृभाषा, पालकाचा व्यवसाय, आधीची शाळा, राहण्याचा पत्ता. असे हजार अर्ज ओळीने लावले की कोकणातून आणि घाटावरून आलेली, चाळीत राहून कारखान्यात किंवा कचेरीत जाणारी कुटुंबे दिसू लागतात, आणि त्यांच्या घरातली पदवी घेणारी पहिली मुलगीही दिसते. हा बदल कोणत्याही ठरावात नोंदलेला नाही. शिवाय 1969 चा कागद आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. रद्दीवाल्याकडे जाण्याचे त्याचे वय हेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. महाविद्यालयांना वर्ग पुरत नाहीत, ती दप्तराला खोली कुठून देणार? त्यापेक्षा सगळे स्कॅन करा आणि एका ठिकाणी ठेवा. स्कॅनिंग व्हावेच, मला त्याचे वावडे नाही. पण कुठल्या गठ्ठ्यातला, कुणाच्या टेबलावरचा, कशाला जोडलेला, हे न लिहिता काढलेली प्रतिमा म्हणजे पाकीट हरवलेले पत्र. ती माहिती सांगू शकेल असा जुना लिपिक कल्याणात भेटेल, फोर्टात नाही. सातशेहून अधिक महाविद्यालयांचा कागद एकाच छताखाली नेला तर त्याची ओळख वाटेतच गळून पडेल. मध्यवर्ती कचेरीने नियम, यादीचा नमुना आणि प्रशिक्षण द्यावे. कागद जागेवर राहावा. या कागदांतल्या जात आणि गुण यांच्या रकान्यांमुळे उठणारा खासगीपणाचा प्रश्न खरा आहे. त्यावर उत्तर म्हणून नोंदवही जाळायची नसते. ठरावीक वर्षे ती बंद ठेवायची आणि अभ्यासकाला नावे झाकून आकडे द्यायचे.

निवड करण्याची सवय तर आपल्या सरकारी दप्तराला जुनीच आहे: ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ आणि ‘ड’ त्याहून थोड्या मुदतीचे. उत्तरपत्रिका ‘ड’मध्ये जाव्यात, पण प्रश्नपत्रिकेची एक प्रत, जनरल रजिस्टर, कार्यकारिणीची इतिवृत्ते आणि वार्षिक अंक ‘अ’मध्येच हवेत. जपणुकीला फार खर्चही नाही. खाडीकाठच्या पावसाळ्यात भिंत ओल धरते, म्हणून खोली तळमजल्यावर नको आणि कपाट भिंतीला टेकलेले नको. टाचणी गंजून कागदावर तांबडे भोक पाडते, तेव्हा आधी टाचण्या काढायच्या. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावायची नाही. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि अक्षरात उतरतो. पोथ्या जपणाऱ्या घरांत कोरे कापड, वेखंड आणि वर्षातून एकदा उघडून वारा देणे, एवढी रीत होती. महाविद्यालयात ते काम एका नेमलेल्या माणसाच्या नावावर लिहिलेले असावे, आणि तो निवृत्त होताना किल्लीबरोबर यादीही पुढच्याच्या हाती जावी.