कुकरची शिटी आणि विहिरीवरचं इंजिन

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, इंजिनाचं आम्हाला काय? ते गडीमाणसं बघतील. पण इंजिनाच्या इतिहासाची सुरुवात एका भांड्यापासून होते. मटण शिजवायच्या भांड्यापासून! त्या भांड्यावर बसवलेली एक लहानशी युक्ती पुढे आगगाडीवर गेली, गिरणीत गेली, आणि आज ती आपल्या कुकरच्या झाकणावर बसलेली आहे. तिची गोष्ट आज सांगायची आहे.

आधी वायूचा स्वभाव समजून घेऊ. तव्यावरची भाकरी टम्म का फुगते? पिठातल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्यापेक्षा फार मोठी जागा लागते. एक पेलाभर पाण्याची उघड्यावर वाफ झाली, तर ती सुमारे सोळाशे पेले जागा व्यापते. भाकरीत ती पापुद्रा उचलते. घट्ट बंद भांड्यात मात्र पसरायला जागाच नसते. मग ती चहूबाजूंनी भांड्याला रेटते. या रेट्यालाच दाब म्हणतात. जाळ वाढला की दाब वाढतो, आणि दाब वाढला की आतलं पाणीही जास्त तापतं. उघड्या पातेल्यात कितीही सरपण घाला, पाणी १०० अंशांच्या वर तापत नाही. कुकरमध्ये ते सुमारे १२० अंशांपर्यंत जातं. डाळ लवकर शिजते ती या वीस अंशांमुळे.

हवेचा हा स्वभाव मोजून दाखवला रॉबर्ट बॉइल यांनी. इंग्लंडमध्ये १६६२ साली त्यांनी प्रयोगाचे आकडे छापले. हवा दाबून निम्म्या जागेत बसवली, की तिचा दाब दुप्पट होतो. सुई नसलेली सिरिंज घ्या, पुढचं भोक बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा. जितका आत ढकलाल तितकी हवा जोराने उलट रेटते.

याच बॉइल यांच्याकडे काही काळ डेनिस पापँ नावाचा फ्रेंच माणूस काम करत होता. १६७९ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीत एक जाड लोखंडी भांडं दाखवलं. घट्ट झाकणाचं, स्क्रूने आवळलेलं. उद्देश साधा होता. गरिबांना मांस परवडत नाही, हाडं मात्र फुकट जातात. ती मऊ शिजली तर त्यांचा कस पोटात जाईल, आणि सरपणही वाचेल. १६८१ साली त्याने या भांड्यावर पुस्तक लिहिलं. गंमत अशी, की पुस्तकाच्या नावातच त्याने या भांड्याला हाडं मऊ करण्याचं ‘इंजिन’ म्हटलं आहे. १६८२ च्या एप्रिलमध्ये सोसायटीच्या सभासदांना त्यात शिजवलेलं जेवण वाढलं गेलं. त्या जेवणाला हजर असलेल्या जॉन एव्हलिन यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं, की बैलाची आणि मेंढीची कठीण हाडंसुद्धा चीजसारखी मऊ झाली होती.

पण बंद भांडं फुटलं तर? वाफ किती साठली हे बाहेरून दिसत नाही. म्हणून पापँने झाकणाला एक भोक ठेवलं, त्यावर बूच बसवलं, आणि बुचावर तागडीसारखी दांडी टाकून तिला वजन अडकवलं. दाब ठरावीक हद्दीच्या पुढे गेला, की वाफ ते वजन उचलते, थोडी बाहेर पडते, आणि वजन परत जागेवर बसतं. आपल्या कुकरची शिटी हेच काम करते. शिट्या मोजून आपण भात उतरवतो खरा, पण शिटीचं पहिलं काम जास्तीचा दाब बाहेर सोडणं हे आहे.

झाकण उचलणारी वाफ आणखीही काही उचलू शकेल, हे पापँच्या लक्षात आलं. १६९० साली त्याने एका नळकांड्यात दट्ट्या बसवून वाफेने तो वर नेला. वाफ गार होऊन तिचं पाणी झालं की आत पोकळी होते आणि बाहेरची हवा दट्ट्या खाली ढकलते. गरम डब्याला लगेच झाकण लावलं, तर गार झाल्यावर ते असं बसतं की निघता निघत नाही. तीच ही गोष्ट. पापँला यातून चालतं यंत्र उभं करता आलं नाही. तो प्रोटेस्टंट पंथाचा होता, त्यामुळे १६८५ नंतर त्याला मायदेशी परतता आलं नाही. परमुलखात, गरिबीत तो गेला.

त्याच तत्त्वावर मोठं यंत्र चालवून दाखवलं थॉमस न्यूकोमेन या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने. साल १७१२. ते इंग्लंडमधल्या डडली गावाजवळच्या कोळशाच्या खाणीवर बसलं. काम कोणतं? खाणीतलं पाणी वर खेचायचं! म्हणजे माणसाने इंजिनाला पहिलं मोठं काम दिलं ते पाणी उपसण्याचं. डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईला त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

ते यंत्र कोळसा मात्र फार खायचं. तेच नळकांडं तापवायचं आणि तेच गार करायचं, त्यात उष्णता वाया जायची. जेम्स वॉट यांनी वाफ गार करायला वेगळी खोली जोडली, आणि १७६९ साली त्याचं पेटंट घेतलं. कोळसा पुष्कळ वाचला. पण जास्त दाबाची वाफ वापरायला वॉट तयार नव्हते. त्यांना स्फोटाची भीती वाटायची.

ते धाडस केलं रिचर्ड ट्रेविथिक यांनी. दाब वाढवला, तर लहान इंजिन मोठं काम करतं. पण १८०३ साली लंडनजवळ ग्रिनिच इथे त्यांचा एक बॉयलर फुटला. एका गिरणीच्या पायात साठलेलं पाणी उपसायला ते इंजिन लावलं होतं. ट्रेविथिक यांच्या पत्रातली हकिगत अशी. इंजिनावर नेमलेला पोऱ्या मासे धरायला गेला आणि राखण एका मजुरावर सोपवून गेला. इंजिन फार जोरात चालतंय असं दिसल्यावर मजुराने ते थांबवलं. पण वाफ सोडणारी दांडी पान्याने अडकवून ठेवलेली होती. ती त्याने मोकळी केली नाही. खाली जाळ चालूच होता आणि वाफेला वाट नव्हती. तिघे जागीच गेले, चौथा नंतर गेला.

त्या मजुराला कोणी शिकवलं होतं, की दांडी मोकळी हवी? अशा अपघातात दोष पटकन हाताखालच्या माणसावर येतो. ट्रेविथिक यांनी पुढे आपल्या बॉयलरमध्येच सुधारणा केली. एकाऐवजी दोन झडपा बसवल्या, आणि तिसरी सोय म्हणून शिशाचा एक बूच लावला. बॉयलर कोरडा पडून फार तापला, तर शिसं वितळतं आणि वाफ आपोआप बाहेर पडते. माणूस विसरला तरी बूच विसरत नाही.

आता आपल्या कुकरचं झाकण डोळ्यांपुढे आणा. शिटीच्या जवळ एक छोटं बटणासारखं असतं, त्याला आपण सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणतो. शिटी अडकली आणि भांडं फार तापलं, तर तो वितळतो किंवा उडतो आणि वाफेला वाट करून देतो. वरचं वजन पापँचं, आणि बाजूचा बूच ट्रेविथिक यांचा. १८५३ च्या १६ एप्रिलला मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला आपल्याकडची पहिली प्रवासी गाडी निघाली. तिच्या वाफेच्या इंजिनांनाही झडपा होत्याच. तरी जगभर बॉयलर फुटत राहिले. १८६५ साली अमेरिकेत मिसिसिपी नदीवर ‘सुलताना’ या आगबोटीचे बॉयलर फुटले आणि हजाराहून जास्त माणसं गेली. अशा घटनांनंतर देशोदेशी तपासणीचे कायदे झाले. आपल्याकडे सगळ्या देशासाठी बॉयलरचा कायदा १९२३ साली आला.

आता विहिरीवरच्या इंजिनाकडे वळू. त्यात वाफ नाही, ठिणगीही नाही. मग डिझेल पेटतं कसं? सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं. हवा झटक्यात दाबली की ती तापते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने हाच गुण वापरला. नळकांड्यात हवा पंधरा-वीस पट दाबली, तर ती ५०० अंशांच्याही वर जाते. त्यात तेलाचा बारीक फवारा सोडला की तो आपला आपण पेटतो. जळलेला वायू पसरतो आणि दट्ट्याला ढकलतो. जर्मनीत आउग्सबुर्ग इथे १८९३ पासून त्यांच्या चाचण्या चालल्या. १८९७ साली त्यांच्या इंजिनाने तेलातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णता कामाला लावून दाखवली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना याच्या निम्मीही साधत नव्हती. पुढे १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि अशी इंजिनं आपल्या विहिरींवर पुकपुक करू लागली. मोटेला जुंपलेले बैल सुटले.

मैत्रिणींनो, या साऱ्या इतिहासातून घरी नेण्याची गोष्ट एकच. दाब कामाला येतो तो त्याला वाट ठेवली तर. म्हणून कुकर लावण्याआधी शिटीची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते बघा. कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरू नका. डाळ फेसाळते, ती निम्म्यापर्यंतच घाला. शिटीवर जड वस्तू ठेवू नका. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर त्या जागी कणीक, नाणं, चिकटपट्टी काही लावू नका, त्याच कंपनीचा नवा आणा. बराच वेळ शिटी झाली नाही, तर आधी जाळ बंद करा. कुकर आपोआप गार होऊ द्या. झाकण ओढून काढू नका.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या कुकरचं झाकण आणावं. दहा मिनिटांत सगळी झाकणं तपासून होतील. घरातल्या लेकी-सुनांना आणि मुलांनाही दाखवा, की हे बटण कशासाठी आहे. ग्रिनिचच्या मजुराला ते कोणी सांगितलं असतं, तर चार जीव वाचले असते. पुढच्या भागात भेटूच.