संगणक-नियंत्रित स्वयंचलित गिअरबॉक्समधील अनियमित गिअरबदल

संगणक-नियंत्रित स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये गिअर उशिरा पडणे, झटका देऊन पडणे, दोन गिअरांमध्ये वारंवार ये-जा होणे किंवा वाहन एकाच गिअरमध्ये अडकून राहणे, या लक्षणांना एकत्रितपणे अनियमित गिअरबदल म्हणतात. लक्षण गिअरबॉक्समध्ये जाणवते. मूळ दोष मात्र पुष्कळदा त्याच्या बाहेर, म्हणजे तेल, विद्युतपुरवठा, संवेदक (सेन्सर), वायरिंग किंवा इंजिनात असतो. गिअरबॉक्स उतरवून उघडणे हे खर्चिक काम असल्याने निदानात ती पायरी सर्वांत शेवटी येते.

रचना व नियंत्रण

पारंपरिक स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये टॉर्क कन्व्हर्टर, ग्रहीय दंतचक्रांचे संच, क्लच पॅक आणि तेलाचा दाब योग्य क्लचकडे वळवणारी व्हॉल्व्ह बॉडी असते. १९३९ मध्ये ओल्ड्समोबिल कंपनीने जाहीर केलेल्या हायड्रामॅटिक गिअरबॉक्समध्ये गिअर केव्हा बदलायचा हे केवळ तेलाच्या दाबावर ठरत असे. पुढे हा निर्णय संगणकाकडे गेला. या संगणकास पारेषण नियंत्रण एकक (टीसीएम) म्हणतात. आदान शाफ्टचा (इंजिनाकडील) व प्रदान शाफ्टचा (चाकांकडील) वेग, अ‍ॅक्सिलरेटरची स्थिती, तेलाचे तापमान, ब्रेकचा स्विच आणि गिअर लिव्हरची जागा ही माहिती त्याला मिळते. त्यानुसार तो सोलेनॉइड नावाच्या विद्युतचुंबकीय झडपा उघडतो व बंद करतो. यांतील एक संकेत जरी चुकीचा आला, तरी संपूर्ण निरोगी गिअरबॉक्स चुकीच्या वेळी गिअर बदलतो.

गंभीर विसंगती आढळल्यास संगणक आपत्कालीन अवस्थेत जातो. कारागीर तिला ‘लिंप मोड’ म्हणतात. या अवस्थेत बहुधा दुसरा किंवा तिसरा असा एकच गिअर उपलब्ध राहतो, जेणेकरून वाहन सावकाश का होईना, दुरुस्तीपर्यंत पोहोचावे. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ही अवस्था कधी कधी नाहीशी होते. त्यामुळे ‘गाडी आपोआप बरी झाली’ असा गैरसमज होतो.

भारतातील प्रसार

भारतात परवडणाऱ्या मोटारींमध्ये स्वयंचलित गिअरबदल रूढ होण्यास मारुती सुझुकीच्या सेलेरिओ (२०१४) या गाडीतील स्वयंचलित मॅन्युअल गिअरबॉक्सने (एएमटी) मोठा हातभार लावला. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील वाहन संशोधन व विकास संस्था (व्हीआरडीई) ही संरक्षण संशोधन व विकास संघटनेची (डीआरडीओ) प्रयोगशाळा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ मध्ये वाहनांच्या नमुन्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थांमध्ये तिचा समावेश आहे. याच शहरात लष्कराचे चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. अर्जुन रणगाड्यात जर्मनीच्या रेंक कंपनीचा ग्रहीय दंतचक्रांचा गिअरबॉक्स असून त्यात चार पुढचे व दोन मागचे गिअर आहेत.

दोष की स्वाभाविक वर्तन

प्रत्येक विचित्र गिअरबदल हा दोष नसतो. पाथर्डी रस्त्यावरील करंजी घाट किंवा संगमनेरजवळचा चंदनापुरी घाट भरलेल्या गाडीने चढताना संगणक वरचा गिअर टाकतो, वेग घटताच खालचा टाकतो आणि हेच पुन्हा पुन्हा होते. चालकाने मॅन्युअल पद्धत किंवा खालचा गिअर निवडल्यावर ही ये-जा थांबत असेल आणि सपाट रस्त्यावर गिअर व्यवस्थित पडत असतील, तर दोषाचा संशय कमी होतो. उतारावर मात्र परिस्थिती वेगळी असते. तेथे गिअर अचानक सुटला, तर इंजिनाचा अवरोध नाहीसा होऊन सारा भार ब्रेकवर येतो. अशी तक्रार असलेले वाहन तपासणीपूर्वी घाटात नेणे धोक्याचे असते.

निदानाची पद्धत

सुरुवात चालकाला विचारलेल्या प्रश्नांनी होते. त्रास इंजिन थंड असताना होतो की तापल्यावर, कोणत्या दोन गिअरांमध्ये होतो, नुकतीच बॅटरी किंवा तेल बदलले होते का, हे आधी समजून घेतात. तापल्यावरच येणारा दोष थंड गाडीत शोधणे व्यर्थ असते.

त्यानंतर तेल तपासतात. पातळी मोजण्याची रीत कंपनीगणिक निराळी असते. काही गाड्यांत इंजिन चालू ठेवून मोजपट्टीने, तर मोजपट्टी नसलेल्या गाड्यांत ठराविक तापमानाला तपासणीचा बोल्ट उघडून पातळी पाहतात. पातळी कमी झाल्यास पंप हवा ओढतो आणि दाब डळमळतो. काळपट तेलाला करपट वास येत असेल, तर क्लच घसरत असण्याची शक्यता असते. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरलेले असते. रेडिएटरमधील शीतक फुटल्यानेही असे घडते. सतत परिवर्ती गिअरबॉक्समध्ये (सीव्हीटी) साधे गिअरबॉक्स तेल भरणे ही महागात पडणारी चूक होय.

बॅटरी, चार्जिंग आणि अर्थिंग तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. अशक्त बॅटरीमुळे सोलेनॉइड अर्धवट उघडतात आणि संगणक एकमेकांशी असंबद्ध असे अनेक दोष नोंदवतो.

यानंतर स्टिअरिंगखालील निदान जोडणीला स्कॅनर लावून संकेतांक वाचतात. पी०७ने सुरू होणारे संकेतांक पारेषणाशी संबंधित असतात. पी०७०० एवढेच सांगतो की पारेषण संगणकाकडे नोंद आहे. नेमका दोष तेथे वाचावा लागतो. पी०७१५ आदान वेगाच्या, तर पी०७२० प्रदान वेगाच्या संवेदकाच्या मंडलाविषयी आहे. पी०७३० चुकीचे गिअर गुणोत्तर दर्शवतो. संकेतांक मंडलाकडे बोट दाखवतो, सुट्या भागाकडे नव्हे. केवळ तो पाहून संवेदक बदलल्यास तुटलेली वायर किंवा तेल शिरलेला कनेक्टर तसाच राहतो. संकेतांक पुसण्यापूर्वी, दोष उद्भवल्या क्षणीच्या नोंदींसह, लिहून ठेवतात.

खरा उलगडा चालत्या गाडीतील आकड्यांतून होतो. समजा, तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.५० आहे आणि प्रदान शाफ्ट मिनिटाला २,००० फेरे फिरत आहे. मग आदान शाफ्टचे ३,००० फेरे दिसायला हवेत. ३,४०० दिसत असतील, तर क्लच घसरत असण्याचा संशय बळावतो. वाहन एकसारख्या वेगाने जात असताना एखादा आकडा क्षणभर शून्यावर येऊन पुन्हा वर जात असेल, तर गिअरबॉक्स नव्हे, संवेदक किंवा त्याची वायर दोषी असते. इंजिनाची मिसफायरही गिअरबॉक्सच्या झटक्यासारखी भासते, म्हणून इंजिनाचे आकडेही सोबत पाहतात.

सोलेनॉइडचा विद्युतरोध कंपनीच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहतात. थंड असताना योग्य वाटणारी गुंडाळी तापल्यावर खंडित होऊ शकते. विद्युत बाजू निर्दोष ठरली की गेज लावून तेलाचा दाब मोजतात. दाब योग्य असूनही क्लच घसरत असेल, तेव्हाच गिअरबॉक्स उघडण्याला आधार मिळतो.

इतर प्रकार

एएमटीमध्ये टॉर्क कन्व्हर्टर नसतो. साध्या क्लचला व गिअर लिव्हरच्या यंत्रणेला यांत्रिक हात (अ‍ॅक्च्युएटर) चालवतो. त्यामुळे तेथे झिजलेली क्लच प्लेट, अ‍ॅक्च्युएटरचा दाब आणि स्थिती दाखवणारे संवेदक आधी तपासतात. कोरडे क्लच असलेल्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्समध्ये (डीसीटी) रखडत्या वाहतुकीत क्लच तापून असेच झटके बसतात.

दुरुस्तीनंतरची पुनर्नोंदणी

संगणक क्लचच्या झिजेनुसार दाब हळूहळू बदलत जातो व ही मूल्ये साठवतो. नवा क्लच किंवा सोलेनॉइड बसवल्यावर जुनी मूल्ये तशीच राहिल्यास गिअर झटक्याने पडतो. काही गाड्यांत बॅटरी काढल्यानेही मूल्ये पुसली जाऊन असेच होते. अशा वेळी स्कॅनरद्वारे मूल्ये पुन्हा नोंदवून, सर्व गिअर पडतील अशा रस्त्यावर, तेल पुरेसे तापेपर्यंत वाहन चालवून पाहतात.