संगणकाच्या खेळाला स्मृती किती लागते?

मारेगावसारख्या तालुक्याच्या गावी शाळामास्तरांच्या कानी हल्ली एक प्रश्न वरचेवर पडतो. "गुरुजी, गेम खेळायले कम्प्युटरले किती जीबी पायजे?" विचारणारा पोट्टा आठवी-नववीतला असतो. यंदा कापूस बऱ्या भावाने गेला तर यंत्र घेऊन देतो, असे बापाने कबूल केलेले असते. दुकानदार म्हणतो, आठ पुरे. शहरातला मावसभाऊ म्हणतो, सोळाच्या खाली पाहूच नको. मधला फरक हजारांत जातो आणि तो पऱ्हाटीतूनच निघायचा असतो. तेव्हा प्रश्न पोरखेळाचा असला तरी हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर एका आकड्यात देता येईल. पण तो आकडा आला कुठून, हे ठाऊक नसेल तर उत्तर मिळूनही माणूस फसतो. म्हणून आज त्या आकड्याचा इतिहास थोडक्यात पाहू.

आधी स्मृती म्हणजे काय ते समजून घेऊ. घरात धान्य कणगीत असते, पण भाकरीचे पीठ मळायला परात लागते. संगणकातही तसेच आहे. खेळ साठवलेला असतो तो कणगीत. खेळ चालू असताना जे हाताशी लागते ते परातीत. मुलगा विचारतो ती मेमरी म्हणजे ही परात. तिचे सर्वांत लहान माप म्हणजे बिट. दिवा लागलेला की विझलेला, एवढेच ते सांगते. आठ बिटांचा एक बाइट. १,०२४ बाइटांचा एक किलोबाइट, तितक्या किलोबाइटांचा एक मेगाबाइट आणि तितक्या मेगाबाइटांचा एक गिगाबाइट, म्हणजेच जीबी.

आता फळ्यावर एक हिशेब मांडा. बुद्धिबळाच्या पटावर घरे ६४. एकेका घरात काय आहे, म्हणजे काळ्या-पांढऱ्या बारा प्रकारच्या सोंगट्यांपैकी कोणती, की घर रिकामे, हे सांगायला चार बिट पुरतात. ६४ चोक २५६ बिट, म्हणजे अवघे ३२ बाइट. साऱ्या जगाला शतकानुशतके गुंगवणाऱ्या खेळाचा पट बत्तीस बाइटांत मावतो! खेळण्याची अक्कल वेगळी. तिला जागा अधिक लागते. पण किती अधिक, ते आता बघा.

१९५२ साली इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठात ए. एस. डग्लस या विद्यार्थ्याने 'एडसॅक' नावाच्या संगणकाला आपला फुल्ली-गोळा शिकवला. हे यंत्र १९४९ साली सुरू झाले, तेव्हा त्याची स्मृती पाऱ्याने भरलेल्या नळ्यांत होती आणि आजच्या मापाने ती एका किलोबाइटाच्या आसपास भरे. खेळणाऱ्याने टेलिफोनची चकती फिरवून घर निवडायचे आणि यंत्राने काचेवर ठिपक्यांनी आपली खूण उमटवायची. ठिपके एकूण ५६०. एवढ्यात खेळ झाला.

आपल्याकडेही काही फार मागाहून सुरुवात झाली असे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली संपूर्ण देशी रचनेचा संगणक उभा राहिला. १९६० साली तो कामाला लागला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नाव 'टिफ्रॅक' ठेवले. त्याच्या स्मृतीत बारीक चुंबकीय कड्या होत्या. शब्द २,०४८ आणि दर शब्दात ४० बिट. गुणाकार करा, दहा किलोबाइट येतात. त्याच १९६२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या सोबत्यांनी अवकाशयानांच्या लढाईचा 'स्पेसवॉर' हा खेळ रचला. त्यांच्या यंत्राची स्मृती होती नऊ किलोबाइट. स्मृतीपुरते बोलायचे तर मुंबईचे यंत्र त्याहून तसूभर मोठेच होते. मात्र त्यावर शास्त्रज्ञांची गणिते चालत. खेळाला तिथे कोण विचारतो!

पुढे खेळ घरात शिरला. १९७७ साली अमेरिकेत निघालेल्या 'अटारी'च्या खेळयंत्रात परात होती १२८ बाइटांची. किलोबाइट नव्हे हां, बाइट! खेळ मात्र बाहेरून खोचायच्या डबीत असे. ती त्याची कणगी. १९७९ साली त्याच यंत्रावर बुद्धिबळाचा खेळ आला. त्यातले काही बाइट पटालाच जात. उरलेल्यांत यंत्र आपली चाल शोधी. विचाराला वेळ लागे, पण ते खेळे.

शिक्षकबंधूंपैकी जे वडीलधारे आहेत, त्यांना १९८४-८५ सालची 'क्लास' ही योजना आठवत असेल. सरकारने देशातील निवडक अडीचशे शाळांत प्रथमच संगणक नेले. ते होते 'बीबीसी मायक्रो', परात ३२ किलोबाइटांची. १९८४ सालीच त्या जातीच्या यंत्रावर इयान बेल आणि डेव्हिड ब्रेबन या दोन विद्यार्थ्यांनी 'एलीट' हा खेळ केला. त्यात आठ आकाशगंगा आणि दर आकाशगंगेत २५६ तारे, म्हणजे एकूण २,०४८. एवढ्यांची नावे, जागा, तिथला व्यापार बत्तीस किलोबाइटांत मावणार कसा? त्यांनी ते साठवलेच नाही. तीन आकड्यांचे बी ठेवले आणि लागेल तेव्हा गणिताने त्यातून तारे उगवले. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. पीक कणगीत न मावले तरी बियाणे ठेवता येते.

मग ही मागणी किलोबाइटांवरून जीबीवर गेली कशी? त्याचे मोठे कारण म्हणजे चित्रे. १९९३ साली 'डूम' हा प्रसिद्ध खेळ आला, त्याला परात लागे चार मेगाबाइटांची. त्याच्या चित्रात आडवे ३२० आणि उभे २०० ठिपके असत. आजच्या साध्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. ठिपक्यामागे चार बाइट धरले, तर एका चित्राला आठ मेगाबाइटांच्या आसपास जागा लागते. म्हणजे 'डूम'ला जेवढी स्मृती पुरे, तिच्या जवळजवळ दुप्पट आज एका क्षणाच्या एका चित्रात जाते. त्यावर झाडांची पाने, भिंतींचे पोत, आवाज हे सारे आलेच.

दुसरे कारणही आहे. स्मृती स्वस्त झाली तशी काटकसर सुटली. २०१५ साली संगणकावर आलेल्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो'च्या पाचव्या खेळाने किमान चार जीबी मागितले आणि आठची शिफारस केली. 'सायबरपंक २०७७' हा खेळ २०२० साली आला तेव्हा किमान आठ मागत होता. २०२३ साली त्याच खेळाची किमान मागणी बारावर गेली. खेळ तोच, घेणाराही तोच. परात मात्र लहान ठरली. आपल्या पोट्ट्याच्या बापाने नेमके हेच ध्यानात ठेवायला हवे. डब्यावरचा आकडा म्हणजे काही निसर्गाचा नियम नाही. खेळ करणाऱ्यांनी त्या साली मांडलेली ती मागणी आहे आणि ती वाढू शकते.

तर मग मुलाला सांगायचे काय? आधी त्याला विचारा, कोणता खेळ? खेळाच्या माहितीत 'किमान' आणि 'शिफारस' असे दोन आकडे दिलेले असतात. ते दोन्ही वाचायला लावा. साध्या आणि जुन्या खेळांना आठ जीबी भरपूर होतात. नव्या भारी खेळांना सोळा धरावे. दुसरे, चित्रांसाठी वेगळे कार्ड नसेल तर चित्रेही याच परातीत जागा घेतात. स्वस्त यंत्रात बहुधा तसेच असते. तिसरे, मेमरी पुढे वाढवायला खाच आहे का, हे पैसे देण्याआधी पाहावे. पुष्कळशा पातळ लॅपटॉपांत मेमरी डाक लावून पक्की केलेली असते, मग वाढवायची सोयच राहत नाही. आणि उद्या स्वस्त होईल, या भरवशावरही राहू नये. २०२५ च्या उत्तरार्धात मोठमोठ्या संगणक-केंद्रांची मागणी वाढली आणि मेमरीचे भाव चढले. भाव चढतो-उतरतो कसा, हे कापूस विकणाऱ्याला आपण काय सांगावे!

शेवटी शिक्षकांसाठी एक गोष्ट. शाळेत कोपऱ्यात धूळ खात पडलेला जुना संगणक सुरू होत असेल, तर त्याची परात 'एडसॅक'च्या कितीतरी लाख पट मोठी आहे. त्यावर नवा भारी खेळ चालणार नाही, हे खरे. पण नऊ घरांचा फुल्ली-गोळा मुलांना स्वतः लिहायला सांगा. एका घराला दोन बिट, नऊ घरांना अठरा. हा हिशेब ज्या मुलाने स्वतःच्या हाताने केला, तो दुकानात गेल्यावर आठ की सोळा एवढेच विचारून थांबणार नाही. कशासाठी, हेही विचारील.