घशाचा कर्करोग आणि उस्मानाबादच्या बायका



घशाचा कर्करोग म्हटलं की आपण पहिल्यांदा विचारतो, 'तंबाखू होती का? मिश्री लावायची का?' ते बरोबरच आहे. आपल्याकडे मोठं कारण तंबाखूच. पण तंबाखूला कधी न शिवलेल्या, तुलनेनं तरुण माणसालाही टॉन्सिलचा किंवा जिभेच्या मुळाचा कर्करोग होतो. त्यामागे एचपीव्ही हा विषाणू असू शकतो.

त्याची ओळख पटली ती बायकांच्या दुखण्यातून. १९८३ साली जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही-१६ सापडला. २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. घशाच्या गाठींतही पुढे हाच प्रकार निघाला.

या इतिहासात आपल्या बायकाही आहेत. मिरजेहून लातूरच्या गाडीत बसलं की पंढरपूर, कुर्डुवाडीनंतर बार्शी येते. तिथलं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय यांनी या शतकाच्या सुरुवातीला शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ खेड्यातल्या बायका, चार गट. आठ वर्षांनी हिशेब झाला. ज्या गटात एचपीव्हीची एकच चाचणी झाली, तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं ३४ जणी गेल्या. ज्या गटात तपासणी ठेवलीच नव्हती, तिथे ६४. त्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, असा सवाल पुढे झाला, आणि तो रास्त होता.

मग लस आली. २००९ साली बार्शी, पुण्यासह देशात अनेक ठिकाणी मुलींवर तिचा अभ्यास सुरू झाला. २०१० मध्ये लसीकरण थांबवावं लागलं आणि कित्येक मुलींना एकच डोस मिळाला. त्यांची पुढे वर्षानुवर्षं तपासणी झाली, तेव्हा एका डोसाचं संरक्षणही टिकलेलं दिसलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोसही चालेल असं सांगितलं, त्यात या मुलींचा वाटा आहे.

गर्भाशयमुखासाठी तपासणी आहे, घशासाठी तशी नाही. लसीनं तोंडातला संसर्गही कमी होतो, म्हणून मुलग्यांचाही विचार करा. हा विषाणू शरीरसंबंधातून, तोंडावाटेही पसरतो आणि बहुतेकांचा आपोआप जातो. त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. मानेतली गाठ किंवा गिळतानाचं दुखणं तीन आठवड्यांत गेलं नाही, तर लाज न धरता डॉक्टरांना दाखवा.