आमटी कळकते तेव्हा

आजचा भाग माफीने सुरू करतो. मागच्या भागात बोलण्याच्या ओघात मी ठोकून दिलं होतं की आपले पूर्वज चिंचेच्या पाण्याने खनिजातून तांबं काढायचे. मोबाईलवर फिरत आलेला मेसेज होता, आवडला, वाचून दाखवला. मग नेकनूरला आजीकडे गेलो आणि तिथेच उघडा पडलो.

आजी अंगणात चिंच-मीठ लावून तांब्याचा हंडा घासत होती. मी ऐटीत म्हणालो, "बघ आजी, चिंचेनं तांबं निघतंय." ती मान वर न करता म्हणाली, "तांबं कुठं निघतंय? मळ निघतोय. तांबं हितंच हाय की."

बीटेक करून मला जे दिसलं नाही, ते तिने एका वाक्यात सांगितलं. चिंचेतलं टार्टारिक आम्ल धातूवर चढलेला थर, म्हणजे तांब्याचा ऑक्साइड आणि हिरवा कार्बोनेट, विरघळवतं. खालचा धातू जवळजवळ तसाच राहतो. पण ही गंमत बघा: हाच हिरवा कार्बोनेट जमिनीत मॅलाकाइट नावाचं खनिज म्हणून सापडतो. त्याची पूड लिंबाच्या रसात टाकली तर तांबं खरंच पाण्यात उतरतं. म्हणजे मेसेज अगदीच खोटा नव्हता.

आणि ही गोष्ट आपल्या घराघरांत माहीत होती, फक्त उलट्या बाजूने. कल्हई गेलेल्या भांड्यात आमटी किंवा ताक ठेवलं की ते कळकतं. कळकणं म्हणजे आंबटाने भांड्यातला धातू अन्नात ओढून घेणं. ते होऊ नये म्हणून तर कल्हईवाला नवसागर आणि कथील घेऊन गावोगाव फिरायचा. खाणवाले ज्याला लीचिंग म्हणतात, त्याला मराठीत शब्द होता. आपण तो धातू मिळवायला नाही, पोट सांभाळायला वापरला.

मग जुन्या ग्रंथांत काय आहे? पुण्याच्या आनंदाश्रमाने 1890 मध्ये 'रसरत्नसमुच्चय' छापला. त्यात माक्षिक, म्हणजे तांबं, लोखंड आणि गंधक असलेलं पिवळसर खनिज, शुद्ध करायला एरंडेल आणि महाळुंगाचा रस सांगितलाय. पुढे क्षार आणि आंबट रसांत ते घोटून, मुशीत घालून, भाता मारून तापवायचं, मग 'सत्त्व' निघतं. म्हणजे वनस्पतीचा आंबटपणा तयारीला होता, धातू सोडवण्याचं काम आगीचं. आमच्या भाषेत सांगायचं तर लिंबूवर्गीय रस हे प्रीप्रोसेसिंग, मुख्य प्रोग्राम भट्टीत. कारणही सरळ आहे. गंधकात अडकलेलं तांबं नुसत्या लिंबाला दाद देत नाही.

हे कळल्यावर मी थोडा हिरमुसलो, खोटं कशाला बोलू. पण पूर्वजांना मोठं करायला त्यांच्या तोंडी न केलेलं काम घालायचं, हा त्यांचाच अपमान. त्यांनी कुठे आंबट वापरायचं आणि कुठे आग, हे ओळखलं होतं. मी ते न वाचताच त्यांचं कौतुक करत होतो.

आता आंबटाची पाळी पुन्हा आलीय. 1917 मध्ये जेम्स करी या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवलं की काळी बुरशी साखरेपासून भरपूर सायट्रिक आम्ल बनवते. तेव्हापासून हे आम्ल लिंबांच्या बागांवर अवलंबून राहिलं नाही. आमच्या बीड जिल्ह्यातली माणसं ज्या उसाच्या तोडीला जातात, तशा उसाच्या साखरेतूनही ते बनू शकतं. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जुन्या लिथियम बॅटऱ्यांची भुकटी सायट्रिक आम्लात, थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून, 90 अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवली. 90 टक्क्यांहून जास्त कोबाल्ट आणि जवळपास सगळं लिथियम द्रावणात उतरलं. खनिज आता डोंगरात नाही, आपल्या कपाटातल्या बंद पडलेल्या फोनमध्ये आहे.

निघताना लिंबाच्या रसात मीठ आणि तांब्याची काळी पडलेली तार टाकून ठेवली. ती उजळल्यावर रसात एक लोखंडी खिळा सोडला. काही वेळाने खिळ्यावर तांबूस थर चढला. आजीला दाखवला. तिने तो बोटाने पुसून पाहिला आणि म्हणाली, "हां, हे मात्र तांबं."

चुकलेलं दुरुस्त. भेटू पुढच्या भागात.